पॅटर्न आणि ट्रायल नाणी जमवायची तर: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नवं नाणं चलनात येण्याआधी टांकसाळीला कुणाची तरी मंजुरी घ्यावी लागते. 'हे असं चालेल का?' असं विचारण्यासाठी जो तुकडा पाडतात तो पॅटर्न, म्हणजे नमुना नाणं. ठसा नीट उमटतो का, धातू दाब सोसतो का, काठाच्या रेघा पूर्ण येतात का हे टांकसाळीने स्वतःसाठी तपासायला पाडलेला तुकडा म्हणजे ट्रायल. मंजुरी मिळाली तर त्याच रूपाची लाखो नाणी निघतात. नाही मिळाली तर नमुन्याचे दोन-चार तुकडे तेवढे उरतात आणि बाकीचे भट्टीत जातात.

चलनातल्या नाण्याच्या पाठीशी कायदा असतो, राजपत्र असतं, उत्पादनाचे आकडे असतात. नमुन्यामागे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. म्हणून या छंदाचा एक नियम सुरुवातीलाच मनात पक्का करा: तो तुकडा पाडताना टांकसाळीला नेमकं काय तपासायचं होतं हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो घेऊ नका. 'दुर्मीळ आहे' हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

प्रश्न म्हणजे काय हे जुन्या उदाहरणांवरून चटकन कळेल. १६६३ मध्ये थॉमस सायमन या इंग्रज कोरक्याने दुसऱ्या चार्ल्स राजासाठी क्राउन नावाचं चांदीचं नाणं घडवलं. टांकसाळीचं काम परदेशी कोरक्यांकडे गेलं होतं, म्हणून त्याने नाण्याच्या काठावर दोन ओळींत अर्जच कोरला की माझं काम त्यांच्या कामाशेजारी ठेवून पाहा. तिथे प्रश्न कलेचा होता. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, त्यामुळे १९३७ सालाची त्याची नाणी चलनात आलीच नाहीत. पण बारा कोनी थ्री पेनीचे काही नमुने नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांच्या उत्पादकांकडे चाचणीला गेले होते आणि त्यांतले सगळे परत आले नाहीत. तिथे प्रश्न यंत्रात चालण्याचा होता. अमेरिकेत १९४२ मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायला सेंटसाठी काच आणि प्लास्टिकसुद्धा वापरून पाहिलं गेलं. १९७४ सालाचे ॲल्युमिनियमचे सेंट तर पंधरा लाखांहून जास्त पाडले, काही कायदेमंडळाच्या सदस्यांना दाखवायला दिले, आणि प्रस्ताव बारगळल्यावर जवळपास सगळे वितळवले. तिथे प्रश्न तांब्याच्या भावाचा होता.

पायरी पहिली: शब्द पक्के करा

विक्रेते हे शब्द सढळ हाताने वापरतात आणि नवख्याचे सर्वात जास्त पैसे इथेच बुडतात.

पॅटर्न: नवीन चित्र, नवीन धातू, नवा आकार किंवा नवं मूल्य सुचवणारा पूर्ण तुकडा. दोन्ही बाजू तयार असतात आणि काम बहुधा नीटस असतं.

ट्रायल: साचा अर्धवट असताना किंवा यंत्र लावताना पाडलेला तुकडा. पुष्कळदा एकाच बाजूचा, शिसं किंवा कथिलासारख्या मऊ धातूत, कडा वेड्यावाकड्या पसरलेल्या. दिसायला गबाळा, पण अभ्यासाला फार मोलाचा.

वेगळ्या धातूतला ठसा: साचे चलनातलेच, चकती (ठसा मारण्याआधीचा कोरा तुकडा) मात्र मुद्दाम दुसऱ्या धातूची. हाच प्रकार चुकूनही घडतो. दोन रुपयांच्या साच्याखाली एक रुपयाची चकती गेली तर ती चूक, पॅटर्न नव्हे. फरक हेतूचा आहे, आणि हेतू सहसा चकतीच्या मापावरून कळतो. चकती दुसऱ्या एखाद्या चलनी नाण्याच्या मापाशी तंतोतंत जुळली तर ती चूक असण्याचीच शक्यता जास्त.

पीफोर: नेहमीच्याच साच्यांचं, पण दुप्पट जाडीचं नाणं.

प्रूफ: पॉलिश केलेल्या चकतीवर खास साच्याने मारलेलं देखणं नाणं. आपल्या टांकसाळी संग्राहकांसाठी प्रूफ संच विकतात. ते सुंदर असतात, पण त्यांत टांकसाळीचा कोणताच प्रश्न नसतो. प्रूफला पॅटर्न म्हणून खपवणं रोजचंच झालं आहे.

काल्पनिक नाणं: जे कोणत्याही टांकसाळीने कधीच सुचवलं नाही ते. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान असलेले तांब्या-पितळेचे तुकडे घरोघरी देव्हाऱ्यात आहेत. कंपनीने अशी नाणी कधी काढली नाहीत. देव्हाऱ्यात त्यांचं स्थान आदराचंच आहे, पण नाणं म्हणून त्यांना पैसे मोजू नका.

आणखी एक गोष्ट. दुर्मीळ चलनी नाणं म्हणजे पॅटर्न नव्हे. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. पण तो रीतसर चलनात आलेला होता. हवाहवासा वाटणारा आहेच, फक्त तो या संग्रहात बसत नाही.

परदेशी नमुन्यांवर पुष्कळदा शब्दच कोरलेला असतो: फ्रेंच नाण्यांवर 'एसे', पोर्तुगीज आणि इटालियन नाण्यांवर 'प्रोव्हा', जर्मन नाण्यांवर 'प्रोबे', पोलिश नाण्यांवर 'प्रूबा'. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नमुन्यांवर सहसा असं काही नसतं, त्यामुळे तिथे डोळा आणि मोजमाप यांवरच भिस्त ठेवावी लागते. जागतिक कॅटलॉगांत पॅटर्नच्या क्रमांकाआधी 'पीएन' आणि ट्रायलच्या आधी 'टीएस' ही अक्षरं येतात. लिलावाच्या वर्णनात ती दिसतात का ते पाहा.

पायरी दुसरी: आधी जोडीदार घ्या

पॅटर्न हा कशापासून तरी वेगळा असतो. ते 'कशापासून' हातात नसेल तर वेगळेपण दिसणार नाही. म्हणून पहिले सहा महिने एकही पॅटर्न न घेता ज्या मालिकेत रस आहे त्या मालिकेची साधी चलनी नाणी जमवा. खर्च थोडा होतो आणि नजर इथेच तयार होते.

समजा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया निवडला. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, पण त्या रुपयाचा तोळा १८० ग्रेनचा होता. १८३५ पासून १९३९ पर्यंत चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून ५० टक्के, आणि नक्कल रोखायला काठावर खास सुरक्षेची खाच. १९४७ चा रुपया वाघाच्या चित्राचा आणि शुद्ध निकेलचा. प्रजासत्ताकाची पहिली मालिका १५ ऑगस्ट १९५० ला आली, तेव्हा रुपया निकेलचाच राहिला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले आणि १ जून १९६४ पासून त्यातला 'नवे' शब्द गेला. जिथे धातू, मूल्य किंवा नाव बदललं, तिथेच टांकसाळीला प्रश्न पडले असणार. नमुने शोधायचे ते अशा सांध्यांवर. सगळं शांत चाललेल्या एखाद्या वर्षाचा 'पॅटर्न' कुणी समोर ठेवला तर आधी शंका घ्या.

जोडीदार नाणं झळझळीत नसलं तरी चालेल, पण ते अस्सल हवं आणि त्याची सगळी मापं तुमच्या वहीत हवीत.

पायरी तिसरी: हत्यारं

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, सोबत तपासणीचं १०० ग्रॅमचं वजन. डिजिटल व्हर्निअर, त्याचे जबडे धातूचे असतात, म्हणून नाणं पातळ प्लास्टिकमध्ये धरून मोजा आणि प्लास्टिकची जाडी वजा करा. जवाहिऱ्याचं १० पट भिंग. त्याहून मोठ्या भिंगाने सुरुवातीला गोंधळच वाढतो. छोटा चुंबक. मान वळवता येणारा एकच टेबल-दिवा, कारण खोलीत सगळीकडून प्रकाश असला की पृष्ठभागाच्या खुणा दिसत नाहीत. टेबलावर मऊ टॉवेल, म्हणजे हातून निसटलं तरी काठाला ठेच लागत नाही. नाणं नेहमी काठांनी धरायचं.

शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत जवळ असणं हा कोल्हापूरकरांचा मोठा फायदा आहे. डाय (साचा), पंच, हार्डनिंग, प्रेसचा दाब हे तिथले रोजचे शब्द. एखाद्या टूल रूममध्ये तासभर उभं राहून उठावाच्या पंचावरून खोलगट डाय कसा निघतो, कडक केलेल्या डायला तडा कुठून जातो, चकतीभोवतीचं कडं, म्हणजे कॉलर, नसेल तर चकती कशी पसरते हे पाहा. पुढे खोटं नाणं ओळखताना हा तास कामाला येईल.

पायरी चौथी: मोजायचं कसं

क्रम बदलू नका: वजन, व्यास, जाडी, काठ, अक्ष, चुंबक आणि शेवटी विशिष्ट गुरुत्व.

व्यास दोन ठिकाणी घ्या, एकमेकांशी काटकोनात. कॉलरमध्ये पाडलेल्या नाण्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. कॉलरशिवाय पाडलेल्या ट्रायलमध्ये ते उघड वेगळे येतात आणि तिथे तो दोष नाही.

अक्षासाठी नाणं वर-खाली दोन बोटांत धरून दरवाजासारखं फिरवा. मागची बाजू सरळ उभी दिसली तर दोन्ही साचे एकाच दिशेने लावलेले होते. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांचा अक्ष असाच असतो. मागची बाजू उलटी आली तर साचे विरुद्ध दिशेने लावले होते. किती फिरलं ते घड्याळाच्या काट्यांत लिहा: '१२ ला', '६ ला', '१ आणि २ च्या मध्ये'.

चुंबकाची चाचणी दोन सेकंदांची, पण फार बोलकी. निकेल चुंबकाला चिकटतं. हल्लीच्या आपल्या नाण्यांचं स्टेनलेस स्टीलही चिकटतं. चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि ७५-२५ चं तांबं-निकेल चिकटत नाही. १९५० च्या रुपयाचा 'निकेलमधला नमुना' चुंबकाला दाद देत नसेल तर पुढे मोजण्याची गरजच नाही.

विशिष्ट गुरुत्वासाठी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन पेला वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक नायलॉनच्या धाग्याने बांधून पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. हवेचा बुडबुडा चिकटला तर हलक्या हाताने हलवून काढा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. येईल ते गुरुत्व, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते.

११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काट्यावरचा आकडा सुमारे १.१३ येतो, म्हणजे गुरुत्व १०.३. निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे १.२२, म्हणजे साधारण ९.५. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर १.३० च्या आसपास, म्हणजे ९ च्या जवळ. तुलनेसाठी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, स्टील ७.७, तांबं आणि निकेल ८.९, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३. नाणं ३ ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर ही चाचणी करू नका. काट्याची बारीकशी चूकही निकाल फिरवते. शिशाचे आणि कथिलाचे तुकडे पाण्यात बुडवू नका.

याच आकड्यांवरून घरबसल्या आणखी एक हिशेब होतो. ११.६६ ग्रॅमचं निकेल नाणं त्याच मापाच्या ॲल्युमिनियम चकतीवर पाडलं तर वजन सुमारे ३.५ ग्रॅम यायला हवं, चांदीच्या चकतीवर सुमारे १३.७. चकतीची जाडी थोडी कमी-जास्त असू शकते, म्हणून थोडा फरक चालतो. पण 'चांदीचा नमुना' बरोबर ११.६६ भरला आणि जाडीही जशीच्या तशी निघाली, तर तो बहुतेक मुलामा दिलेला चलनी रुपया आहे.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, टंच काढणाऱ्याकडे एक्स-रे यंत्रावर नाणं ठेवून धातूंची टक्केवारी मिळते. जरूर करून घ्या, पण दोन गोष्टी सांभाळा. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्याला फसतं. गुरुत्वाच्या आकड्याशी जुळवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. आणि नाणं कसोटीवर घासू द्यायचं नाही, काठाला चीर पाडू द्यायची नाही. सराफाच्या दृष्टीने ती साधी पद्धत आहे, पण नाण्याचं त्यात कायमचं नुकसान होतं. दुकानात पाऊल टाकतानाच हे सांगा.

पायरी पाचवी: खोटं कसं बनतं

ओतीव खोटं सर्वात सोपं. अक्षरांच्या कडा गोलसर, पृष्ठभागावर बारीक खड्डे, काठावर जोडाची रेघ, वजन बहुधा कमी. जिथे काठाच्या रेघा मधेच पुसट होतात तिथे भिंग लावा.

दोन पत्र्यांच्या जोडाची नक्कल वेगळी. अस्सल नाण्यावरून विजेच्या साहाय्याने दोन पातळ कवचं उतरवायची, आत भरण घालायचं आणि जोडायचं. संग्रहालयांनी प्रदर्शनासाठी अशा नकला उघडपणे करवून घेतल्या आहेत, आणि त्यांतल्या काही पुढे बाजारात आल्या. चेहरा अगदी अस्सल दिसतो, म्हणून पाहायचा तो काठ.

खरा धोका ठोकून बनवलेल्या खोट्याचा आहे. अस्सल नाण्यावरून साचा काढतात तेव्हा त्या नाण्याला वापरात लागलेल्या ठेचा आणि ओरखडेही साच्यात उतरतात. मग त्यातून निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर तीच ठेच त्याच जागी, खोलगट रूपात येते. वापरात लागलेली ठेच दोन नाण्यांवर सारखी असूच शकत नाही. म्हणून विकायला आलेल्या नाण्याचा फोटो जुन्या लिलावांतल्या फोटोंशी ताडून पाहा. उंचवट्याची खूण दोन नाण्यांवर सारखी असेल तर तेवढ्यावरून खोटं ठरत नाही; ती साच्यातल्या तड्याची किंवा खरवडीची असते आणि दोन्ही नाणी एकाच साच्याची आहेत एवढंच सांगते. खोलगट खूण सारखी असेल तर मागे फिरा.

उद्यमनगरातल्या स्पार्क मशीनवर काढलेला डाय ज्याने पाहिला आहे त्याला एक गोष्ट लगेच कळेल. ठिणग्यांनी खोदलेल्या डायच्या तळाला बारीक रवाळपणा राहतो. बनावट करणारा डायचा सपाट भाग पॉलिश करतो, पण अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या खोबणीत पॉलिश पोचत नाही. त्यामुळे नाण्यावर मोकळी जागा गुळगुळीत, आणि वर उठलेली अक्षरं मात्र संत्र्याच्या सालीसारखी दिसतात. अस्सल नाण्यात असा उलटा प्रकार दिसत नाही.

'दुर्मीळ ट्रायल' म्हणून येणारा आणखी एक प्रकार म्हणजे शिकंज्यात दाबलेली नाणी. दोन नाणी एकमेकांवर ठेवून दाबली की एकाचा चेहरा दुसऱ्यावर उलटा आणि खोलगट उमटतो. मूळ चित्र त्या जागी चपटं झालेलं असेल आणि काठ फुगला असेल तर ते काम टांकसाळीबाहेरचं.

पायरी सहावी: रीस्ट्राइक समजून घ्या

रीस्ट्राइक म्हणजे जुन्या साच्यातून नंतर पुन्हा पाडलेलं नाणं. या विषयावर सावकाश वाचा, कारण हिंदुस्थानी पॅटर्नमध्ये सगळ्यात नाजूक प्रश्न हाच आहे. ब्रिटिश काळातल्या खास नाण्यांचे साचे मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींत जपून ठेवलेले होते आणि संग्राहकांनी मागितलं की त्याच साच्यांतून नाणी पुन्हा पाडून दिली जात. १८३५ साल असलेली, सिंह आणि ताडाच्या झाडाची दुहेरी मोहर अशा पुनर्मुद्रित रूपात पुष्कळ दिसते. साचा अस्सल, टांकसाळ अस्सल, साल मात्र पाडल्याच्या काळाचं नाही. हे खोटं नाही. पण मूळ तुकड्याच्या भावाने घ्यायचंही नाही.

इंग्लंडमध्येही हेच घडलं. मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीसाठी तांब्याची नाणी निघत. मद्रास इलाख्यासाठीची १७९४ ची नाणी तिथलीच. १८५० मध्ये तिथला माल लिलावात निघाला, तेव्हा डब्ल्यू. जे. टेलर याने जुने साचे विकत घेतले आणि नंतर त्यांतून संग्राहकांसाठी तुकडे पाडले.

ओळखायचं कसं? साचा वर्षानुवर्षं पडून राहिला की गंजतो. गंजाने साच्यात खड्डा पडतो, म्हणून नाण्यावर पुटकुळी उठते. मोकळ्या जागेत आणि अक्षरांच्या बगलांत अशा बारीक पुटकुळ्यांचा पुंजका दिसला तर रीस्ट्राइकची शंका घ्या. गंज काढायला साचा पुन्हा पॉलिश केला असेल तर नाजूक रेघा, केसांच्या बटा, पानांच्या शिरा तुटक होतात आणि पृष्ठभागावर एकाच दिशेच्या बारीक उंच रेघा दिसतात. चकती नंतरच्या काळाची असल्याने वजन थोडं वेगळं येऊ शकतं, काठही मूळच्यापेक्षा वेगळा असू शकतो. यातली एकच खूण पुरेशी नाही. दोन-तीन एकत्र आल्या तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा, आणि पावतीवर 'मूळ' किंवा 'रीस्ट्राइक' यांपैकी एक शब्द लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

रीस्ट्राइक मुद्दाम जमवणं हा आमच्या मते नवख्यासाठी चांगला रस्ता आहे. तीच कारागिरी हातात येते, पैसा कमी गुंततो, आणि पुढे कधी मूळ तुकडा समोर आला तर ताडायला जोडीदार तयार असतो.

पायरी सातवी: पहिली खरेदी

हिंदुस्थानी पॅटर्नने सुरुवात करू नका. ज्यांवर शब्द कोरलेला आहे आणि संख्या नोंदलेली आहे असे परदेशी नमुने आधी घ्या. पोलंडचे निकेलमधले 'प्रूबा' पुष्कळदा प्रत्येकी ५०० पाडलेले असतात. फ्रेंच वसाहतींचे 'एसे' त्याहून जास्त संख्येने निघाले. आपल्याला जवळचे म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानचे, अर्थात गोव्याच्या चलनाचे 'प्रोव्हा'. चलनी नाण्याच्या मोकळ्या जागेत हा शब्द ठोकलेला असतो. गोव्याचं साधं चलनी नाणं मिळणं अवघड नाही, म्हणजे जोडीदार लगेच जमतो. मात्र शब्द नंतर ठोकलेला असल्याने तो कुणालाही ठोकता येतो. अक्षरांचा आकार आणि जागा दोन-तीन प्रमाणित तुकड्यांच्या फोटोंशी जुळवल्याशिवाय घेऊ नका.

ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद पेटीतलं नाणं, म्हणजे स्लॅब, नवख्याला सोयीचा. तरी त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी खुणेखुणेने जुळवा. पेट्याही बनावट निघतात, आणि खऱ्या क्रमांकाच्या पेटीत दुसरंच नाणं सापडतं.

लिलावात बोलीचा आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. त्यावर लिलावगृहाचं कमिशन आणि जीएसटी चढतो. अटींचं पान आधी वाचा, सगळं धरून तुमची वरची मर्यादा कागदावर लिहा आणि बोली त्या हिशेबाने थांबवा. 'परत घेणार नाही' अशी अट असेल तर लिलावाआधी नाणी दाखवतात तेव्हाच हातात घेऊन पाहा. मुंबईला जाणार असाल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून लिलावाआधीचं प्रदर्शन, फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन एका दिवसात होतं.

फोनवर 'तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन अशी रक्कम मागत जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबाबत जाहीर सावध केलं होतं.

कायद्याची बाजू

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला मुभा नाही, आणि ग्रेडिंगसाठी परदेशी कुरिअर करणं हेही पाठवणंच आहे. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. तो आहे का हे विचारायला संकोच करू नका. पाया खणताना किंवा शेतात नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या धनुष्यबाणाचं चिन्ह असलेल्या, 'कुर' राजांच्या नाण्यांनी कोल्हापूरचा सातवाहन काळ उजेडात आणला. टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन ब्रह्मपुरीचे अवशेष बघून या, म्हणजे सापडलेली वस्तू कळवणं का महत्त्वाचं ते पटेल.

स्वातंत्र्यानंतरच्या ट्रायलबाबत एक प्रश्न अटळ आहे: हे टांकसाळीबाहेर आलं कसं? अधिकृतपणे दिलेलं नसेल तर मालकी सरकारची ठरू शकते, आणि टांकसाळीतून साचे-हत्यारं बाहेर काढणं तर फौजदारी गुन्हा आहे. अमेरिकेत डेन्व्हर टांकसाळीतला १९७४ चा ॲल्युमिनियमचा सेंट बाळगणाऱ्यांना तो अखेर २०१६ मध्ये सरकारला परत द्यावा लागला. जुन्या लिलावाची पावती किंवा प्रकाशित नोंद नसलेला अलीकडचा भारतीय ट्रायल नवख्याने घेऊ नये.

सांभाळणं

नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर, दातांची पेस्ट यांतलं काहीही नाही. पॅटर्नचा मूळ पृष्ठभाग गेला की त्याचा पुरावाच गेला. फक्त पीव्हीसीच्या पाकिटातून आलेला हिरवट चिकट थर काढायचा असतो, आणि त्यासाठी शुद्ध ॲसिटोन लागतं, नेलपॉलिश काढायचं द्रव नव्हे. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, न चोळता उचला, नव्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवा आणि हवेवर सुकू द्या. खिडक्या उघड्या, गॅस बंद.

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात; ती टाकून द्या. व्यासाला जुळणारी कडक कॅप्सूल किंवा मायलरच्या खिडकीचे पुठ्ठा-होल्डर वापरा, स्टेपल चपटी करा. शिशाच्या ट्रायलना लाकडाच्या वाफा चालत नाहीत. प्लायवूड किंवा एमडीएफच्या कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते, म्हणून ते तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात आणि लोखंडी कपाटात ठेवा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ५० टक्क्यांखाली राखा. नारिंगी सिलिका जेल हिरवं पडलं की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. भर पावसात डबे उघडून नाणी दाखवत बसू नका. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं त्या भागात राहत असाल तर संग्रह वरच्या मजल्यावर हवा; बँकेचा लॉकर घेताना तो तळघरात नाही ना हेही बघा.

वही मात्र नाण्यांपासून वेगळ्या जागी ठेवा आणि तिचे फोटो काढून घरातल्या आणखी एकाकडे द्या. प्रत्येक तुकड्याला एक पान: तारीख, कुणाकडून, किंमत, वजन, दोन व्यास, जाडी, काठ, अक्ष, चुंबक, गुरुत्व, दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो, कॅटलॉग क्रमांक, आणि वर एका वाक्यात टांकसाळीचा प्रश्न. नाण्यासोबत आलेलं जुनं पाकीट, लिलावाची चिठ्ठी, आधीच्या संग्राहकाच्या हातची शाईतली नोंद यांतलं काहीही फेकू नका. ते मळकं असलं तरी त्याच पानाला जोडा, कारण पुढचा खरेदीदार नाण्याइतकंच त्या चिठ्ठीकडे बघतो.